विषाची यादी आणि फवारणाऱ्याचा देह

बीड जिल्ह्यातील कपाशी भाद्रपदात कमरेइतकी वाढलेली असते. पाठीवर पंप घेऊन तीतून वाट काढणारा मजूर जे द्रव्य फवारतो, त्यास तो ‘औषध’ म्हणतो. वस्तुतः ते विष आहे. कोणते विष विकू द्यावे आणि कोणते बंद करावे, हे दिल्लीत ठरते. ते कशाच्या आधारे ठरते, हा प्रश्न म्हणूनच या जिल्ह्याच्या जिव्हाळ्याचा आहे.

केरळात १९५८ मध्ये पॅराथिऑनने दूषित झालेल्या अन्नामुळे शंभरावर माणसे दगावली. त्या दुर्घटनेनंतर १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. त्यानुसार कीटकनाशक परिणामकारक व सुरक्षित असल्याचा पुरावा नोंदणी समितीपुढे उत्पादकानेच मांडावयाचा असतो. डब्यावरील लाल, पिवळा, निळा वा हिरवा त्रिकोण ठरतो तो प्रयोगातील निम्मे प्राणी मरण्यास किती मात्रा लागते, यावरून. हे मोजमाप एका वेळच्या मात्रेचे होय. भिजलेल्या सदऱ्यातून हंगामभर अंगात मुरणाऱ्या विषाचा पत्ता त्या रंगावरून लागत नाही.

मोनोक्रोटोफॉसचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. भाजीपाल्यावरील त्याच्या वापरास २००५ मध्ये बंदी झाली. कपाशीवरील वापर मात्र चालू राहिला. भाजी खाणाऱ्याच्या ताटाचा विचार झाला, फवारणाऱ्याच्या पाठीचा झाला नाही. बिहारमध्ये २०१३ साली शाळेतील माध्यान्ह भोजनातून याच विषाने २३ मुलांचा बळी घेतला. परदेशांत बंदी असलेल्या, परंतु येथे वापरात असलेल्या ६६ कीटकनाशकांची तपासणी त्याच वर्षी नेमलेल्या अनुपम वर्मा समितीने केली. केंद्राने २०१८ मध्ये १८ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि २०२० मध्ये आणखी २७ बंद करण्याचा मसुदा काढला. उत्पादकांच्या हरकती आल्या, फेरविचार झाला आणि २०२३ च्या आदेशात डायकोफॉल, डिनोकॅप, मेथोमिल आणि मोनोक्रोटोफॉसचे ३६ टक्क्यांचे द्रावण एवढीच नावे उरली.

बंदीलाही किंमत असते, हे मान्य केले पाहिजे. स्वस्त द्रव्य गेले, की कोरडवाहू शेतकऱ्याचा खर्च वाढतो. परंतु आजच्या हिशेबात ही एकच बाजू आकड्यांनिशी मांडली जाते. बुडालेली मजुरी, दवाखान्याचा खर्च, अंधुक झालेली दृष्टी यांची नोंद कोठेच नसल्याने समितीपुढे त्यांचे मूल्य शून्य ठरते. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीने सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर मृत्युमुखी पडले, तेव्हा कोठे या प्रश्नाकडे लक्ष गेले. गावच्या दवाखान्यात सलाईन घेऊन घरी परतणारा मजूर मात्र कोणत्याच आकडेवारीत येत नाही.

यावरील उपाय कायद्यातच आहे. कलम २६ अन्वये विषबाधेची प्रत्येक घटना कळविणे बंधनकारक करण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. कलम २७ नुसार राज्य एखाद्या द्रव्याची विक्री ६० दिवस, आणि फार तर आणखी ३० दिवस, थांबवू शकते. कायमची बंदी केंद्राच्या हाती आहे. केंद्रापुढे पुरावा ठेवावयाचा, तर तो गावोगावच्या दवाखान्यांतूनच गोळा झाला पाहिजे. डॉक्टर, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि कृषी अधिकारी यांनी प्रत्येक बाधितासोबत द्रव्याचे नावही नोंदवावे, एवढीच अपेक्षा आहे. उत्पादकाची कागदपत्रे दिल्लीस पोहोचतात. मजुराचा अनुभवही तेथे पोहोचला, तरच विषांची यादी खऱ्या अर्थाने जनहिताची ठरेल.