वज्रासन : पाठीला विसावा, गुडघ्याची सांभाळ



गावातल्या बैठकीत खत-बियाण्याचे बोलणे संपून चहा आला, की एक प्रश्न हमखास निघतो. "साहेब, पिकाचे कळले. पण आमच्या कंबरेचे काय?" कोणी पाठ धरून उठत असतो, कोणी गुडघ्यावर हात टेकून. बैलाचा खांदा सुजला तर आपण त्याला त्या दिवशी जुंपत नाही. पंप वेगळा आवाज करू लागला तर मिस्त्रीला बोलावतो. आपल्या सांध्यांच्या कुरकुरीकडे मात्र वर्षानुवर्षे काणाडोळा करतो. म्हणून या खेपेला पिकाऐवजी बसण्याविषयी लिहितो. बसण्याची ती रीत म्हणजे वज्रासन.

दर वर्षी २१ जूनला योग दिन असतो. २०१५ सालापासून तो जगभर पाळला जातो. त्या दिवशी शाळेत मुले वज्रासन करतात आणि घरी येऊन आईवडिलांना दाखवतात. नेमकी तीच आपली पेरणीची घाई. "दिवसभर राबणाऱ्याला कसली आली आसने?" असे म्हणून आपण मुलांना वाटेला लावतो.

हा प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचे उत्तर समजून घ्यावे. शेतातल्या कामात अंग हलते खरे, परंतु तासन् तास एकाच बाजूने हलते. भाताच्या लावणीत कंबर वाकलेली ती वाकलेलीच राहते. खुरपणीत, ज्याला कोठे भांगलण तर कोठे निंदणी म्हणतात, बाई सकाळपासून उकिडवी बसलेली असते. ट्रॅक्टरवर पाठीचा धनुष्याकार होतो. अशा वेळी शरीराला आणखी कष्ट नको असतात. पाठीचा कणा काही वेळ सरळ राहावा, एवढेच हवे असते. वज्रासन ते काम करते.

वज्र म्हणजे इंद्राचे आयुध. दधीचि ऋषींनी दिलेल्या अस्थींपासून ते घडवले, ही कथा आपण कीर्तनात ऐकलेली आहे. वज्र म्हणजे अतिशय कठीण, न हलणारे. घेरंडसंहिता या जुन्या योगग्रंथात बत्तीस आसने सांगितली आहेत. त्यांत मांड्या वज्रासारख्या घट्ट करून पावले दोन्ही बाजूंना घेऊन बसण्याचे हे आसन आहे. नावाप्रमाणे बैठक पक्की होते, अंग डुलत नाही आणि कणा आपोआप ताठ राहतो. ही बसण्याची तऱ्हा एका धर्माची वा एका देशाची नाही. नमाज पढताना मुस्लिम बांधव जवळजवळ असेच बसतात. जपानमध्येही घरात चटईवर असे बसण्याची जुनी रीत आहे.

महाराष्ट्रात आसनांचा शास्त्रीय अभ्यास फार पूर्वी सुरू झाला. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि योगाच्या क्रिया प्रयोगशाळेत तपासण्याची वाट घातली. एखादी गोष्ट जुनी आहे म्हणून मान डोलवू नये आणि जुनी आहे म्हणून टाकूनही देऊ नये, ती तपासावी. आम्हा शेतीखात्यातल्या मंडळींना ही दृष्टी आपलीशी वाटते.

आता कृती पाहू.

१) जमिनीवर सतरंजी, घोंगडी किंवा गोणपाटाची घडी अंथरावी. नुसत्या फरशीवर किंवा ढेकळांवर बसू नये.

२) पाय समोर लांब करून बसावे. अंग थोडे डावीकडे कलते करून उजवा पाय गुडघ्यात दुमडावा व पाऊल मागे न्यावे. मग दुसऱ्या बाजूला कलून डावा पाय तसाच घ्यावा.

३) पायांचे अंगठे एकमेकांजवळ व टाचा बाहेरच्या बाजूला ठेवाव्यात. टाचांमध्ये जो खोलगा तयार होतो त्यात बसावे. तळवे वर आभाळाकडे येतात.

४) गुडघे जवळ ठेवावेत. हात मांड्यांवर पालथे टेकावेत. पाठ व मान सरळ, खांदे सैल, नजर समोर. श्वास नेहमीसारखा चालू द्यावा, रोखू नये.

५) पहिल्या दिवशी अर्धा ते एक मिनिट पुरे. रोज थोडे थोडे वाढवत पाच मिनिटांपर्यंत जावे. सवय झाली म्हणजे दहा मिनिटे बसता येते. त्याहून जास्त बसण्याची घरच्या माणसाला गरज नाही.

६) उठताना घाई करू नये. एका बाजूला कलून एकेक पाय मोकळा करावा, लांब करावा, घोटा चारी बाजूंनी फिरवावा आणि मगच उभे राहावे. पायाला मुंग्या आल्या असता एकदम उठले तर तोल जातो.

घोट्याला ताण बसत असेल तर घोट्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी. गुडघे पूर्ण दुमडत नसतील तर टाचा आणि बैठक यांच्यामध्ये घोंगडीची जाड घडी किंवा उशी घ्यावी. यात कमीपणा नाही. पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांनी तर उशा, कांबळी, पट्टे यांच्या आधाराने आसने शिकवण्याची पद्धतच जगभर नेली. आसन शरीराला बसवावे, शरीर आसनात कोंबू नये.

बाकीची आसने रिकाम्या पोटी करावयाची असतात. जेवणानंतर चालणारे म्हणून वज्रासनच सांगितले जाते. याचे कारण सोपे आहे. भरल्या पोटी लगेच आडवे झाले किंवा वाकून कामाला लागले, तर पोटातले आम्ल वर अन्ननलिकेत येते. छातीत जळजळते, करपट ढेकर येतात. बांधावर भाकरी खाऊन लगेच पाठ टेकणाऱ्यांना याचा अनुभव आहे. जेवणानंतर पाच-दहा मिनिटे ताठ बसले की अन्न जागेवर राहते, पोट दबत नाही आणि श्वास मोकळा चालतो. दुसरा लाभ पाठीचा. सकाळभर वाकलेल्या कण्याला सरळ राहण्याची सवड मिळते. तिसरा घोट्याचा. उकिडवे बसताना पावलाची वरची बाजू आवळलेली असते, ती येथे ताणली जाते.

काही पुस्तकांत या आसनाने मधुमेह बरा होतो, संधिवात जातो असे छापलेले असते. त्यावर विसंबून औषध बंद करू नये. वज्रासन ही चांगली सवय आहे, ते औषध नव्हे.

या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आता सांगतो. वज्रासन पाठीला विश्रांती देते, गुडघ्याला देत नाही. उकिडवे बसताना गुडघा जितका मिटतो जवळपास तितकाच तो वज्रासनातही मिटतो. म्हणून सकाळभर खुरपणी केलेल्या भगिनीने जेवणानंतर लगेच वज्रासनात बसू नये. तिने आधी पाय समोर लांब करून, हात मागे टेकून, पाच मिनिटे बसावे. पावले पुढे-मागे हलवावीत. त्यानंतर गुडघा कुरकुरत नसेल तरच दोन मिनिटे वज्रासन करावे. लावणी करणारे, ट्रॅक्टर चालवणारे, दुकानात किंवा कचेरीत खुर्चीवर बसणारे, शाळेतली मुले यांना मात्र ते थेट करता येईल.

दुसरी सावधगिरी नसेची. गुडघ्याच्या जरा खाली, पायाच्या बाहेरच्या अंगाला बोट फिरवून पाहा. एक लहान हाडाचा गोळा हाताला लागेल. त्याला वळसा घालून एक नस पावलाकडे उतरते. ही नस वरच असल्यामुळे पाय फार वेळ घट्ट दुमडून ठेवला की दबते. १९७१ साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात एका तरुण विद्यार्थ्याची हकिकत छापून आली होती. तो रोज तासन् तास वज्रासनात बसत असे. त्याला पाऊल नीट उचलता येईना. आसन सोडल्यावर त्याच्यात सुधारणा झाली. शेतात फार वेळ उकिडवे बसून काम करणाऱ्या मजुरांनाही असाच त्रास होतो. परदेशात स्ट्रॉबेरी खुडणाऱ्या मजुरांवरून त्याला नावच पडले आहे. तेव्हा चालताना पाऊल घासू लागले, चप्पल सुटू लागली, अंगठा वर उचलेना, तर तेल चोळत बसू नये, सरळ डॉक्टरांना दाखवावे. मुंग्या येऊन दोन-चार मिनिटांत गेल्या तर भिण्याचे कारण नाही, पण त्या दिवशी बसण्याची वेळ कमी करावी.

गुडघ्याचे ऑपरेशन झालेले, गुडघा सुजलेला, घोटा मुरगळलेला, पायाच्या शिरा फुगलेल्या, अशांनी हे आसन डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. गरोदर भगिनींनीही आधी विचारावे. मधुमेहाने तळपाय बधिर झालेल्यांनी विशेष जपावे, कारण नस दबल्याची सूचना त्यांना मिळतच नाही.

खरी खुरपणीची दुखणी आसनाने एकट्याने जाणार नाहीत. ओळींतले अंतर पुरेसे असेल तेथे सायकल कोळपे चालवावे. उभ्याने काम होते आणि हाताने काढायचे तण थोडे उरते. तासाभराने पाच मिनिटे उठून चालावे. मजुरांना तशी मोकळीक देणारा शेतकरी तोट्यात जात नाही. दुपारनंतरही हात चालतात, हे त्याला दिसून येते. घरच्या लक्ष्मीच्या बाबतीत तर हा हिशेब करण्याचीही गरज पडू नये.

शेवटी एक सूचना. नवे वाण आपण सगळ्या रानात एकदम घेत नाही. चार ओळी नव्या, चार जुन्या ठेवून पाहतो. इथेही तसेच करावे. पंधरा दिवस रात्रीच्या जेवणानंतर घरातल्या सर्वांनी जमेल तितके बसावे आणि पुढचे पंधरा दिवस सोडून द्यावे. जळजळ, पाठीचा ताठरपणा, गुडघ्याची तक्रार यांत काय फरक पडला, ते शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वहीत लिहून घ्यावे. ज्याला मानवेल त्याने चालू ठेवावे. ज्याचा गुडघा नको म्हणेल त्याने पाय लांब करून ताठ बसावे. आजोबांनी भिंतीला पाठ टेकून बसले तरी चालेल. पाठ सरळ राहिली म्हणजे हेतू साधला.

पुढील लेखात उभ्याने चालवायच्या कोळप्यांची निवड आणि त्यांची दांडी आपल्या उंचीप्रमाणे कशी बसवावी, ते पाहू.