मोजलं की बरकत जाते म्हणे

मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागवाल्यांत, आमच्या बेकरीवाल्यांत आणि फॅब्रिकेशनवाल्यांतही एक वाक्य मोठ्या भक्तिभावाने ऐकवलं जातं: मोजत बसलं की बरकत जाते. मी चार छोट्या धंद्यांचा अर्धवेळ वित्तप्रमुख आहे, प्रत्येकाकडे महिन्याचे दोन दिवस. तेव्हा मी या वाक्यावर चिडतो ते पोटावर पाय येतो म्हणून, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. माझा आक्षेप वेगळा आहे. हे वाक्य दीनच्या नावावर खपवलं जातं आणि दीनमध्ये नेमकं त्याच्या उलट सांगितलेलं आहे.

कुरआनातली सर्वांत लांब आयत कशावर आहे? नमाजवर नाही, रोज्यावर नाही, हजवरही नाही. सूरह बकराची २८२ वी आयत उधारीच्या लिखापढीवर आहे. मुदतीचा व्यवहार लेखी हवा, लिहिणारा इन्साफने लिहिणारा हवा, साक्षीदार हवेत, रक्कम लहान आहे म्हणून टाळाटाळ नको, असा तिचा आशय. रोखीच्या, हातोहात सौद्याला तेवढी सूट. व्याज हराम आहे हे सांगणाऱ्या आयती तिच्या आधीच्याच पानावर येतात. जुमाला व्याजावरचं बयान आपण दरवर्षी ऐकतो, ऐकावंच. पण पान उलटून पुढचं वाचणारे मौलाना मला फार थोडे भेटले. ऐकणाऱ्यांनाही पान उलटायची घाई दिसत नाही.

आणि हा मुसलमानांचा स्वभावच आहे असंही कुणी समजू नये. बोहरा, खोजा, मेमन व्यापाऱ्यांच्या पेढ्या वहीखात्यावरच उभ्या राहिल्या. हजरत खदीजा आपला माल दुसऱ्यांच्या हाती देऊन शामच्या बाजारात पाठवत. लग्नाआधी खुद्द पैगंबरांनीही त्यांचा माल नेला होता. एकाचं भांडवल आणि दुसऱ्याची मेहनत हा मामला हिशेबाशिवाय एक फेरीसुद्धा चालत नाही. त्यांचं 'अल-अमीन' हे नाव नुसत्या सज्जनपणाला मिळालेलं नव्हतं. दुसऱ्याचा पैसा सांभाळून परत देणाऱ्याला ते मिळालं होतं.

आता माझं काम काय, हे थोडक्यात सांगतो, कारण मालकांचा इथेच घोळ होतो. "सीए आहे ना आमचा!" असतो. तो जे होऊन गेलं त्याचं रिटर्न भरतो. संध्याकाळी दोन तास येणारा मुलगा टॅलीत बिलं चढवतो. दोघंही मागे पाहतात. पुढच्या तीन महिन्यांत सुताचं पेमेंट, लाइटबिल, पगार आणि जीएसटी एकाच आठवड्यात आले तर खात्यात काय उरेल? शेजाऱ्याने रॅपिअर बसवले म्हणून आपणही बसवावेत का? खारी, टोस्ट आणि पाव यांतलं नक्की कमावतंय कोण? हे प्रश्न कुणाच्याच वाट्याला नसतात. शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपनीला पूर्णवेळ सीएफओ ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. एका चुकीच्या मशीनने जो बुडेल, त्या छोट्या मालकाला मात्र कुणी सक्ती करत नाही, आणि तो स्वतःहून कुणाला बोलावत नाही.

परवडत नाही, हे पहिलं कारण. वलिम्याच्या मंडपाला परवडतं, तो भाग सोडून देऊ. महिन्याला वीस लाखांचा माल देणाऱ्या कारखान्याचे पैसे नव्वद दिवसांनी येत असतील तर साठ लाख बाजारात अडकलेले असतात. तेच पंचेचाळीस दिवसांनी आले तर तीस लाख मोकळे होतात. हे तीस लाख कर्ज नाही, त्यावर व्याज नाही, ते मालकाचेच आहेत. २००६ च्या एमएसएमई कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगाला पैसे देण्याची कमाल मुदत पंचेचाळीस दिवस ठरवली आहे. लेखी करार नसेल तर पंधराच. २०२३ मध्ये आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम घालून सरकारने त्याला दात दिले: मुदत उलटून वर्षअखेरीला पैसे बाकी राहिले तर खरेदी करणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही. विलंबाचं व्याज मागायचं नसेल तर मागू नका, तुमचा दीन सांभाळा. पण मुद्दल मागायला कोण अडवतं? उद्यम नोंदणी करा, तो क्रमांक बिलावर छापा, मार्च उजाडायच्या आत सेठला एक साधं पत्र पाठवा. हे मी सुचवतो तेव्हा उत्तर येतं, "सेठ नाराज होतील." सेठना नाराज न करण्याची किंमत तीस लाख आहे, हे कुणी मांडून दाखवलेलं नसतं, म्हणून ती किंमत शून्य वाटते.

ज्यांनी व्याजापासून दूर राहायचं ठरवलं आहे त्यांना तर हिशेबाची दुप्पट गरज आहे. समजा, सूत रोखीने दोनशे रुपये किलो आणि साठ दिवसांच्या उधारीने दोनशे सहा. दोन महिन्यांना तीन टक्के, म्हणजे सरळ हिशेबाने वर्षाला अठरा. बँकेच्या दारात पाय न ठेवणारा माणूस हे अठरा टक्के हसत देतो. उधारीचा भाव आधीच एक ठरवून सौदा केला तर बहुतेक फकीह तो जायज मानतात. मात्र ठरलेल्या तारखेला पैसे दिले नाहीत म्हणून पुढे भाव चढवला तर ते व्याज झालं. आपल्या दलालाच्या चिठ्ठीवर यातलं कोणतं चालू आहे? भाव कधी ठरला, तारीख काय होती, हे लिहिलेलंच नसेल तर मुफ्तीसाहेब तरी काय सांगणार?

दुसरं कारण, बँका आपल्याला देत नाहीत. हे खोटं नाही. सच्चर समितीने २००६ मध्येच मुस्लिमांपर्यंत बँकांचा पैसा किती कमी पोचतो ते मांडलं होतं आणि त्यावर भांडत राहायलाच हवं. पण भांडायलाही कागद लागतो. कर वाचवायला जो नफा वर्षानुवर्षं लपवला, तो कर्जाच्या अर्जात कुठून दाखवणार? मग भेदभाव झाला असेल तरी तो सिद्ध होत नाही. मॅनेजर तुमचाच ताळेबंद तुमच्यासमोर ठेवतो.

इथवरचं सगळं धंद्याचं. मला खरा राग येतो तो घरातल्या गोष्टीचा.

जकात घ्या. रमजानात "दरवर्षी इतके देतो" म्हणून एक आकडा वाटला जातो. माग आणि ओव्हन ही कमाईची अवजारं, त्यांवर जकात नाही. गोदामातलं सूत, तयार कापड, रोकड, बाजारातून येण्याजोगी उधारी यांवर आहे. देणं वजा करून अडीच टक्के. ठरलेल्या तारखेला स्टॉक मोजल्याशिवाय हा आकडा निघूच शकत नाही. तो गरिबाचा हक्क आहे, मालकाची मेहेरबानी नव्हे, आणि हक्क अंदाजाने चुकता होत नाही.

वारसा त्याहून बिकट. तीन भावांचा धंदा, भागीदारीपत्र नाही, नोंदणी नाही. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे वेगळा करार नसेल तर एक भागीदार गेला की भागीदारी संपते आणि हिशेब करावा लागतो. कोणता हिशेब? घरखर्च गल्ल्यातून, मुलाची फी गल्ल्यातून, गाडीचा हप्ता कारखान्याच्या खात्यातून. मोठा भाऊ गेला की वहिनीला सांगितलं जातं, "धंद्यात काही उरलं नव्हतं, उलट देणंच होतं." शरियतमध्ये मुलंबाळं असलेल्या विधवेचा आठवा हिस्सा आहे, मुलीचा मुलाच्या निम्मा. पण कशाच्या आठवा आणि कशाच्या निम्मा? आकडाच नाही. समान नागरी कायद्याची चर्चा निघाली की आम्ही छातीठोकपणे म्हणतो की इस्लामने बाईला चौदाशे वर्षांपूर्वी वारसा दिला. दिला. तो तिच्या हातात पडू नये म्हणून आम्ही वही कोरी ठेवली. वही कोरी ठेवणं हा आळस आहे असं मी बरीच वर्षं मानत नाही. ती सोय आहे, आणि तिचा फायदा कुणाला होतो ते प्रत्येक मोहल्ल्याला माहीत आहे.

या क्षेत्रातले दुकानदारही आता फार झालेत, हेही सांगायला हवं. 'व्हर्च्युअल सीएफओ' नावाने मोबाइलवर रंगीत आलेख पाठवायचे आणि दरमहा फी घ्यायची. गोदामात जाऊन तागे न मोजणारा, दलालाच्या चिठ्ठ्या न वाचणारा माणूस कुणी ठेवू नये. दोन दिवस पुरतात, पण ते कारखान्यात बसून.

नवीन काम घेताना मी हल्ली दोन अटी घालतो. प्रत्येक भावाचा घरखर्च त्याच्या नावाच्या वेगळ्या खात्यात लिहायचा. आणि तीन महिन्यांतून एकदा आकडे पाहायला घरातल्या एका तरी बाईने बसायचं, बायको, मुलगी, बहीण, कुणीही. पहिल्या अटीवर कुरकुर करून होकार येतो. दुसरीवरून गेल्या वर्षी दोघांनी मला नको म्हटलं. त्यांपैकी एका चाचांनी कारण दिलं, "बायकांना त्यातलं काय कळतं, भाई?" त्यांची धाकटी मुलगी बी.कॉम. आहे आणि दुसऱ्याच्या दुकानाचं जीएसटी भरते.