विश्लेषण : आठवीच्या पुस्तकातील मराठ्यांच्या नकाशावरून वाद का झाला? इतिहासात काय शिकवायचे, हे ठरवते कोण?

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या (एनसीईआरटी) इयत्ता आठवीच्या सामाजिक शास्त्रांच्या नव्या पुस्तकात मराठ्यांवर स्वतंत्र आणि विस्तृत प्रकरण आले. महाराष्ट्रात त्याचे स्वागत झाले. मात्र त्याच प्रकरणातील एका नकाशावर राजस्थानातून आक्षेप घेतला गेला. ओडिशातूनही या पुस्तकाबद्दल नाराजी व्यक्त झाली. एकच पुस्तक एका राज्यात समाधान आणि दुसऱ्या राज्यात संताप का निर्माण करते? अभ्यासक्रमाचे निकष कोण ठरवते? आणि महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांसाठी यात काय महत्त्वाचे आहे?

नेमका वाद काय?

एनसीईआरटीने २०२५ च्या जुलैमध्ये आठवीच्या ‘एक्स्प्लोरिंग सोसायटी : इंडिया अँड बियाँड’ या पुस्तकाचा पहिला भाग प्रसिद्ध केला. त्यातील ‘द राइज ऑफ द मराठाज’ या प्रकरणात मराठा साम्राज्याचा विस्तार दाखवणारा नकाशा आहे. त्या नकाशात जैसलमेर मराठा साम्राज्यात दाखवले गेले. जैसलमेरच्या पूर्वीच्या राजघराण्याचे वंशज चैतन्यराज सिंह यांनी ऑगस्टमध्ये समाजमाध्यमावर त्याला जाहीर हरकत घेतली. जैसलमेरवर मराठ्यांची सत्ता, करआकारणी किंवा अंमल असल्याचा कोणताही विश्वासार्ह पुरावा नाही, असे त्यांचे म्हणणे होते. राजस्थानातील इतर पूर्वीच्या संस्थानिक घराण्यांतील काहींनीही सूर मिसळला. त्यानंतर पुस्तकांबाबत आलेल्या हरकती तपासण्यासाठी एनसीईआरटीने तज्ज्ञांची समिती नेमली.

मराठ्यांना आधी किती जागा होती?

मध्ययुगीन इतिहास आधी सातवीच्या पुस्तकात होता आणि त्यात मराठ्यांच्या वाट्याला जेमतेम दीड पान आले होते. पानिपत, अटक, तंजावर आणि कटकपर्यंत पोहोचलेल्या सत्तेला दीड पान, ही महाराष्ट्राची जुनी तक्रार होती आणि ती रास्तही होती. नव्या पुस्तकात हा विषय वीसहून अधिक पानांत आला आहे. शिवाजी महाराज, आरमार, पेशवाई, अहिल्याबाई होळकर यांच्याविषयी देशभरातील सीबीएसई शाळांतील मुले आता वाचू शकतील.

पण नव्या रचनेत इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र आणि अर्थशास्त्र यांचे एकच पुस्तक आहे. एका विषयाला वीस पाने वाढवली, की दुसरीकडची कमी होतात. दिल्लीचे सुलतान आणि मुघल यांचा काळ आता प्रामुख्याने एका प्रकरणात बसवला आहे. पहिल्या भागात टिपू सुलतान, हैदर अली आणि इंग्रज-म्हैसूर युद्धे नाहीत, यावरही टीका झाली. ओडिशाचे माजी मुख्यमंत्री नवीन पटनायक यांनी १८१७ च्या पाईक उठावाचा उल्लेख नसल्याबद्दल नाराजी व्यक्त केली. हा विषय पुस्तकाच्या दुसऱ्या भागात येईल, असे स्पष्टीकरण त्यावर एनसीईआरटीने दिले. बाबर, अकबर आणि औरंगजेब यांच्या चित्रणावरूनही वाद झाला. इतिहासातील अंधाऱ्या काळाविषयीची एक टीप पुस्तकात आहे. भूतकाळातील घटनांसाठी आज कोणालाही जबाबदार धरू नये, अशी सूचना त्यासोबत द्यावी लागली.

जैसलमेरचा प्रश्न केवळ अस्मितेचा आहे का?

नाही. त्यामागे इतिहासाचा खरा आणि रंजक प्रश्न आहे. अठराव्या शतकात मराठ्यांची सत्ता सर्वत्र एकसारखी नव्हती. पुणे-सातारा परिसरात थेट कारभार होता, तर अनेक प्रदेशांतून फक्त चौथ आणि सरदेशमुखी वसूल होत असे. चौथ म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा आणि सरदेशमुखी म्हणजे आणखी दहा टक्के. दख्खनच्या सहा सुभ्यांतून ही वसुली करण्याच्या सनदा १७१९ मध्ये मुघल बादशहाकडून शाहू महाराजांच्या वतीने बाळाजी विश्वनाथांनी मिळवल्या. म्हणजे कागदावर बादशहा सार्वभौम आणि वसुली मराठ्यांची, अशी स्थिती होती. राजस्थानात जयपूर, जोधपूर, मेवाड या राज्यांना वेगवेगळ्या काळात मराठ्यांना खंडणी द्यावी लागली. पण तिथले राजे गादीवर कायम राहिले.

मग खंडणी देणारा प्रदेश साम्राज्यात रंगवायचा का? आणि ज्या राज्याकडून नियमित खंडणी घेतल्याचाही पुरावा दाखवता येत नाही, त्याचे काय? नकाशात सर्वत्र एकच रंग भरला, की थेट अंमल, चौथाई आणि नुसती मोहीम यांतला फरक पुसला जातो. आठवीच्या मुलाला तीन छटांचा नकाशा सहज समजू शकतो. त्यावर ‘अंमल कशाला म्हणायचे?’ असा प्रश्न विचारला, तर तो इतिहासाचा उत्तम धडा ठरेल.

बंगालचे उदाहरणही असेच आहे. १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर वारंवार स्वाऱ्या केल्या. १७५१ च्या तहाने नवाब अलीवर्दी खानाने चौथ देणे मान्य केले. आपल्याकडे ही पराक्रमाची नोंद आहे. बंगालमध्ये मात्र ‘बर्गी’ हा शब्द, जो आपल्या ‘बारगीर’वरून गेला, लुटीची आठवण म्हणून अंगाईगीतात शिल्लक आहे. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. राष्ट्रीय पातळीवरील पुस्तकाने दोन्ही सांगणे अपेक्षित असते.

निकष कोण ठरवते?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आले. त्यावर आधारित शालेय शिक्षणाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणत्या टप्प्यावर विद्यार्थ्याला काय यायला हवे, हे तो सांगतो. सामाजिक शास्त्रांसाठी त्यातील सुरुवातीचे उद्दिष्टच ‘स्रोत समजून घेणे आणि त्यांचा अर्थ लावणे’ हे आहे. पाठ्यपुस्तकांसाठी २०२३ मध्येच १९ सदस्यांची राष्ट्रीय समिती नेमली गेली. सामाजिक शास्त्रांच्या गटाचे नेतृत्व मिशेल दानिनो यांच्याकडे देण्यात आले.

इथे एक बाब दुर्लक्षित राहते. आराखड्याचा मसुदा २०२३ मध्ये जनतेच्या सूचनांसाठी खुला झाला होता. प्रत्यक्ष पुस्तके मात्र छापून आल्यावरच लोकांसमोर आली. जैसलमेरचा नकाशा मसुद्याच्या टप्प्यावर प्रादेशिक इतिहासकारांच्या नजरेखालून गेला असता, तर प्रश्न तिथेच सुटला असता. आता तो समाजमाध्यमावरील संताप, मग समिती, मग फेरविचार अशा क्रमाने जातो. तोपर्यंत पुस्तक मुलांच्या दप्तरात असते.

हे सरकार बदलल्यामुळेच होते का?

पाठ्यपुस्तकांवरील राजकारण कोणत्याही एका पक्षाचे नाही. जनता सरकारच्या काळात रामशरण शर्मा यांचे प्राचीन भारतावरील पुस्तक १९७८ मध्ये अभ्यासक्रमातून काढले गेले. वाजपेयी सरकारच्या काळातील २००० चा आराखडा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २००२ मध्ये न्यायालयाने तो वैध ठरवला.

पुण्यातील राज्यशास्त्राचे अभ्यासक सुहास पळशीकर यांचा अनुभव यासंदर्भात बोलका आहे. योगेंद्र यादव यांच्यासह ते एनसीईआरटीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकांचे मुख्य सल्लागार होते. अकरावीच्या पुस्तकात शंकर यांचे १९४९ मधील एक व्यंगचित्र होते. राज्यघटना तयार होण्याच्या संथ गतीवर भाष्य करणाऱ्या या चित्रात डॉ. बाबासाहेब आंबेडकर गोगलगायीवर बसलेले होते. २०१२ मध्ये त्यावरून संसदेत गदारोळ झाला. दोघांनी राजीनामे दिले आणि पुणे विद्यापीठातील पळशीकरांच्या कार्यालयाची तोडफोड झाली. तेव्हा केंद्रात संयुक्त पुरोगामी आघाडीचे सरकार होते. पुढे सुखदेव थोरात समितीने अनेक व्यंगचित्रे वगळण्याची शिफारस केली.

त्यानंतर ११ वर्षांनी, जून २०२३ मध्ये याच दोघांनी एनसीईआरटीला पत्र लिहून पुस्तकांवरून आपली नावे काढण्याची मागणी केली. ‘सुसूत्रीकरणा’च्या नावाखाली मजकूर इतका कापला गेला आहे, की ही पुस्तके आपली म्हणणे शक्य नाही, अशी त्यांची भूमिका होती. वगळलेल्या मजकुरात गुजरात दंगली आणि महात्मा गांधींच्या हत्येसंबंधीचे काही उल्लेख होते. दोन वेगळी सरकारे, दोन वेगळी कारणे. पण तज्ज्ञांनी लिहिलेले पुस्तक बाहेरच्या दबावाने किंवा आतल्या निर्णयाने बदलण्याची पद्धत सारखीच राहिली.

महाराष्ट्राची स्वतःची पुस्तके कशी आहेत?

१९६७ पासून राज्याची पुस्तके बालभारती काढते. चौथीचे ‘शिवछत्रपती’ राज्यातील कित्येक पिढ्यांनी वाचले आहे. २०१७ मध्ये बालभारतीच्या सातवीच्या इतिहासात दिल्लीचे सुलतान आणि मुघल यांचा मजकूर बराच कमी करून मराठ्यांचा इतिहास केंद्रस्थानी आणला गेला. महाराष्ट्राच्या दृष्टिकोनातून इतिहास पाहिल्याचे समर्थन तेव्हा विषय समितीचे अध्यक्ष सदानंद मोरे यांनी केले होते. राज्याच्या पुस्तकात राज्याचा इतिहास मध्यवर्ती असणे समजण्यासारखे आहे. पण औरंगजेबाची दख्खन मोहीम मुलांना कळायची, तर मुघल सत्ता कशी चालत होती हेही माहीत असावे लागते.

२०२४ च्या मे महिन्यात राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध झाला. त्यात मनुस्मृतीतील श्लोकाचा आधार घेतल्याचे लक्षात येताच मोठा वाद झाला. मनुस्मृतीचा समावेश पाठ्यपुस्तकांत होणार नाही, असे तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांना स्पष्ट करावे लागले. वाद तीव्र होता, तरी त्याची वेळ योग्य होती. एकही पुस्तक छापले जाण्यापूर्वी आक्षेप नोंदवला गेला.

अन्य देशांत काय होते?

इतरत्रही हे वाद टळलेले नाहीत. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये इतिहास आणि सामाजिक शास्त्रांच्या निकषांचा नवा मसुदा राज्य शिक्षण मंडळापुढे आला. त्यात मूळ निवासी अमेरिकनांचा उल्लेख ‘पहिले स्थलांतरित’ असा केल्याने टीकेची झोड उठली. मंडळाने मसुदा परत पाठवला. जाहीर सुनावण्या आणि दुरुस्त्यांनंतर एप्रिल २०२३ मध्ये निकष मंजूर झाले. त्यावरही सर्व जण समाधानी नव्हते. पण कोणता शब्द का बदलला, याची चर्चा उघडपणे झाली आणि चूक वर्गापर्यंत पोहोचली नाही.

आता महाराष्ट्रापुढे प्रश्न कोणता?

राज्य मंडळाच्या शाळांत राष्ट्रीय आराखड्यावर आधारित अभ्यासक्रम २०२५-२६ मध्ये पहिलीपासून सुरू झाला. जाहीर वेळापत्रकानुसार आठवी, दहावी आणि बारावी शेवटच्या टप्प्यात, २०२८-२९ मध्ये येणार आहेत. राज्याच्या इतिहास-भूगोलाला धक्का लागणार नाही, अशी ग्वाही शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी दिली आहे. म्हणजे आठवीच्या वर्गात मराठ्यांचा इतिहास कसा शिकवायचा, हे ठरवायला राज्याकडे अजून वेळ आहे.

त्या वेळी चर्चा पानांच्या संख्येवरच अडकली, तर हाती फारसे काही लागणार नाही. शिवरायांना किती पाने मिळाली, हे जितके महत्त्वाचे, तितकेच त्या पानांवर मुलांना काय करायला सांगितले आहे हेही महत्त्वाचे आहे. १७१९ च्या सनदेतील अटी वाचून मूल चौथाई आणि राज्य यांतला फरक सांगू शकते का? एकाच स्वारीची पुण्याची आणि बंगालची नोंद शेजारी ठेवून ती वेगळी का, हे शोधू शकते का? परीक्षेत असे प्रश्न येणार का, की पुन्हा सनावळ्या आणि तहांची नावेच येणार?

यासाठी पुस्तकांचे मसुदे, निदान नकाशे आणि स्वाध्याय, छपाईपूर्वी शिक्षक आणि इतिहासकारांसमोर ठेवणे, आलेल्या हरकतींवर काय निर्णय झाला ते जाहीर करणे, एवढे बदल राज्य सरकारला करता येतील. महाराष्ट्रातील मुले पुढे शिक्षण आणि नोकरीसाठी जयपूरला, कटकला, कोलकात्याला जातात. तिथला वर्गमित्र किंवा सहकारी मराठ्यांविषयी वेगळे काही सांगेल, तेव्हा रागावण्याऐवजी पुरावा मागण्याची आणि आपला पुरावा मांडण्याची सवय त्यांना शाळेतच लागायला हवी.