गावचा तलाव राखा, विहिरीचं पाणी टिकेल

शिरूर आणि दौंडच्या शेतकरी बंधूभगिनींनो,

आपला भाग पर्जन्यछायेचा. पाऊस बेताचाच. पण चासकमान, घोड आणि खडकवासल्याचे कालवे आले, ऊस उभा राहिला आणि गावच्या पाणथळीकडे आपलं दुर्लक्ष झालं. कुठे ओढ्यात मुरूम पडला, कुठे तलावाच्या पोटात नांगर फिरला.

त्याचा फटका घरालाच बसतो. पाणथळ जागा पावसाचं पाणी धरते आणि हळूहळू जमिनीत मुरवते. ती बुजली की उन्हाळ्याच्या तोंडावरच विहीर तळ दाखवते. मग बोअर आणखी खोल न्यावी लागते आणि कर्ज वाढतं. जोराचा पाऊस झाला, तर तेच पाणी वाट सोडून तुमच्या पिकात शिरतं.

म्हणून एवढं करा.

आधी हद्द ठरवा. ग्रामसभेत ठराव घेऊन तलाव आणि ओढ्याची सरकारी मोजणी मागा. खुणेचे दगड रोवा.

पावसाआधी गाळ काढा. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही सरकारी योजना त्यासाठीच आहे. गाळ शेतात पसरा, पण मुरूम आणि वाळू उपसू नका. काठाची उथळ, गवताळ पट्टी तशीच ठेवा. मासे तिथेच अंडी घालतात, पाखरं तिथेच चरतात.

कालव्याच्या आवर्तनाचं पाणी जपून वापरा. उसाला ठिबक करा. पाणी वापर संस्थेच्या बैठकीला जा आणि शेवटच्या चारीवरच्या शेतकऱ्याचंही ऐका.

घाण पाणी अडवा. घराचं सांडपाणी शोषखड्ड्यात सोडा. पुण्याचं मैलापाणी मुळा-मुठेतून भीमेत येतं, त्यावर जलपर्णी माजते. ती थोडी असतानाच काढा आणि काठापासून लांब टाका. पाण्याला रंग किंवा उग्र वास आला, तर तारीख आणि फोटोसह प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार द्या. पोच घ्या.

हे एका गावाचं काम नाही. वरच्या गावाने ओढा बुजवला, तर खालच्या गावाची विहीर आटते. दौंडची भीमा पुढे उजनी धरणाला मिळते, तिथे भिगवणला दर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. आपण पाण्यात सोडतो ते सगळं खाली पोचतं. तेव्हा एका ओढ्यावरच्या गावांनी एकत्र बसावं.

येत्या ग्रामसभेत हा विषय तुम्हीच मांडा. दुसरं कुणी मांडेल म्हणून थांबू नका.