चिंचोळीची मंडळी आणि कडक भाकरी

हल्ली पायी चालण्यालाही तिकीट लागते, आणि खाण्यासाठी चालायचे असेल तर ते आगाऊ काढावे लागते. मुंबईत रमजानच्या रात्री मोहम्मद अली रस्त्यावर, पुण्यात जुन्या पेठांच्या बोळांतून, दिल्लीत चांदणी चौकात एक वाटाड्या पुढे आणि पंधरा-वीस माणसे मागे अशी दिंडी निघते. दर शंभर पावलांवर थांबायचे, वाटाड्याने एका शतकाचा इतिहास सांगायचा, मंडळींनी दोन घास खायचे आणि पुढच्या शतकाकडे वळायचे. नाके मुरडणाऱ्यांनी खुशाल मुरडावीत; मला यात हसण्यासारखे काही दिसत नाही. चालत जाऊन काही पाहावे, वाटेत काही खावे आणि ज्याला ठाऊक आहे त्याच्याकडून ऐकावे, हे आपल्याला नवे थोडेच आहे? आमच्या सोलापुरात बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी अडुसष्ट लिंगे स्थापिली असे मानतात. दर संक्रांतीच्या सुमारास उंच नंदीध्वज पेलीत लोक त्या लिंगांना फेरी घालतात, आणि मग गड्ड्याच्या जत्रेत जाऊन यथेच्छ भजी खातात. वाटाड्या नाही नि तिकीट नाही, एवढाच काय तो फरक.

तेव्हा यंदा श्रावणात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने "मॅडम, आमच्या मंडळींना एकदा गावातून खात खात फिरवून आणा," अशी गळ घातली, तेव्हा मी फारसे आढेवेढे घेतले नाहीत. हा विद्यार्थी चिंचोळीच्या एका कारखान्यात कामगार विभागात अधिकारी आहे. चिंचोळी म्हणजे एमआयडीसी, हे सोलापूरकराला सांगावे लागत नाही. पुण्याच्या रस्त्याला शहरापासून चार-पाच कोसांवर, मोहोळ तालुक्यात ही वसाहत आहे. महाराष्ट्राचे औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली निघाले, आणि त्यानंतर ज्या ज्या शिवारांना ही इंग्रजी आद्याक्षरे चिकटली त्यांत चिंचोळीचे शिवार एक. मूळ गावाचे नाव आता एसटीच्या पाटीवर आणि कारखान्यांच्या पत्त्यात राहिले आहे. पत्र्याच्या उंच शेडी, फाटकापाशी ओळीने उभे असलेले टँकर आणि दुपारी बाराला निंबाच्या सावलीत डबे सोडून बसलेले कामगार, हे तिथले नित्याचे दृश्य.

माझ्या विद्यार्थ्याची मंडळी म्हणजे अधिकारी. कोणी गुजरातचे, कोणी केरळचे, दोघे-तिघे पुण्याचे. राहणे कंपनीच्या अतिथिगृहात, जेवणे कँटीनमध्ये, आणि कँटीनमध्ये आठवड्यातून पाच दिवस पनीर. सोलापुरात दोन वर्षे काढून त्यांनी सोलापूर पाहिले नव्हते. गंमत अशी की, ज्या कडक भाकरीसाठी आणि शेंगाचटणीसाठी ते गाडी करून शहरात येणार होते, ती त्यांच्याच फाटकाबाहेर निंबाखाली रोज दुपारी डब्याडब्यांतून निघत होती. आणि ज्या मातीवर त्यांचा कारखाना उभा आहे तिच्या तालुक्याचे नाव ज्वारीच्या इतिहासात कायमचे कोरलेले आहे. मालदांडीच्या ज्या वाणाची भाकरी महाराष्ट्र पिढ्यान्‌पिढ्या खात आला, त्याचे शास्त्रीय नाव 'एम ३५-१'. तो वाण मोहोळचाच! तिथल्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवडून हा वाण सिद्ध केला गेला. शेजारच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने भरड धान्यांचे म्हणून साजरे केले, आणि आमच्या चिंचोळीच्या साहेबलोकांना मात्र ज्वारी म्हणजे काय ते विचारावे लागत होते.

विद्यार्थ्याने माहितीचे एक टिपण करून मला दाखवायला आणले. वाचून मी थक्क झाले. शेंगाचटणी शिवकालीन, कडक भाकरी मावळ्यांच्या घोड्याच्या खोगिरात असे, आणि किल्ल्यातल्या मुदपाकखान्यातून एक गुप्त कृती बाहेर आली, ती अमुक गल्लीत अजून जपली आहे! मी विचारले, "हे कुठं मिळालं?" तो म्हणाला, "मॅडम, गोष्ट नसली तर लोक कंटाळतात." मी लाल शाई घेतली. वीस वर्षे उत्तरपत्रिका तपासल्यावर हाताला ती खोड लागतेच.

गोष्ट हवी तर खरी गोष्ट काय कमी चविष्ट आहे? भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेचा, मिरचीही अमेरिकेचीच. पोर्तुगीज जहाजे इकडे येऊ लागल्यानंतरची ही पाहुणी. म्हणजे सिद्धरामेश्वरांनी शेंगाचटणी खाल्ली असण्याची तिळमात्र शक्यता नाही. खुद्द ज्वारी आफ्रिकेतून आली. मात्र ती इतक्या हजार वर्षांपूर्वी आली की तिला परकी म्हणण्याची कुणाची छाती होणार नाही. आमच्या भाषेने या पाहुण्यांचे स्वागत कसे केले पाहा. काळ्या मिऱ्याची ओळख होतीच, म्हणून या नव्या तिखट फळाला तिच्या नात्यातले नाव दिले, मिरची. मूग ठाऊक होता, म्हणून जमिनीखाली लागणारा तो भुईमूग. घरात आलेल्या सुनेचे नाव बदलावे तसा हा प्रकार. सोलापुरात तर आम्ही दाण्यांनाही 'शेंगा'च म्हणतो, टरफल काढलेले असले तरी. पलीकडे विजापूर-कलबुर्गीला कानडीतही 'शेंगा'च. एका ताटलीत दोन खंड, आणि त्यांना जोडणाऱ्या दोन भाषा. यापुढे मुदपाकखान्यातली गुप्त कृती किती फिकी!

आणि कडक भाकरीचे मूळ खोगिरात शोधायला नको, ते दुष्काळात आणि दूरच्या कामात आहे. ओल राहिली की अन्न विटते, म्हणून ओल काढून टाकायची. एवढेच तिचे शास्त्र. जो रानात जातो, बाजाराला जातो, खडी फोडायला जातो, त्याच्यासाठी ती आहे. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून लाल मिलो आली. तिची भाकरी कशी लागे हे आमच्या घरची वडील माणसे चेहऱ्यावरून सांगत, शब्दांनी नव्हे. आमच्या जिल्ह्याची सर्वांत मोठी खाद्यकथा आहे तीही कोठार उघडल्याची. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बिदरच्या बादशहाचे धान्य भुकेल्यांना वाटले, ती. त्या कथेत पदार्थाचे नावसुद्धा नाही.

एवढी काटछाट झाल्यावर मार्ग ठरवायचा राहिला. भुईकोट किल्ल्यापासून सुरुवात, यावर दोघांचे एकमत झाले. १५६५ च्या तालीकोटच्या लढाईच्या थोडे आधी अहमदनगरच्या चांदबिबीचे विजापूरच्या अली आदिलशहाशी लग्न झाले आणि सोलापूरचा किल्ला हुंड्यात गेला. पुढे त्या हुंड्यावरून दोन घराणी भांडत राहिली. हे ऐकले की पाहुण्यांना भूक लागतेच. तिथून नवी पेठ, मधला मारुती, मंगळवार पेठेचा बाजार, विजापूर वेस. हा भाग चटकन सांगून टाकते, कारण खाण्यापिण्याच्या दुकानांची वर्णने दिवाळी अंकात इतरत्र पुष्कळ सापडतील.

खरा वाद पुढेच झाला. मी म्हटले, "साखर पेठ, कन्ना चौक, तिकडे कधी जायचं?" तो म्हणाला, "तिकडे काय बघायचं मॅडम? सगळे कारखाने नि विडीची घरं." हे ऐकून मात्र मला राग आला. १८७० च्या दशकात इथे पहिली गिरणी निघाली, आणि तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी पूर्वेच्या पेठा वसवल्या. ज्या चादरीने या गावाचे नाव देशभर नेले ती तिकडे विणली. तिथल्या बायका नवरात्रात फुलांचा बतुकम्मा रचतात, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, घरात तेलुगू बोलतात आणि दारावरच्या भाजीवालीशी मराठी. तीच जुनी गिरणी १९४९ साली बंद पडली तेव्हा १९५० मध्ये केंद्र सरकारला खास वटहुकूम काढावा लागला, आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. वकिलीच्या वर्गात ते आजही शिकवतात. हा इतिहास नव्हे काय? की किल्ल्याला खंदक असतो म्हणून तो इतिहास, आणि गिरणीला भोंगा असतो म्हणून ती नुसती गिरणी? शेवटी तिकडचा रस्ता धरायचे ठरले, आणि तिसरा थांबा म्हणून एका मावशींचे घर मी सुचवले.

या मावशींकडून मी पंधरा वर्षे भाकरी घेते. पहाटे चारला त्यांची चूल पेटते. पीठ रोजच्या रोज दळलेले, कारण शिळ्या पिठाची विरी जाते आणि भाकरी थापताना कडेला चिरते. आधणाच्या पाण्यात मळून, तळव्याने थापीत थापीत त्या ती इतकी पातळ करतात की खालची काटवट जाणवावी. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात, मग उलटणे, मग आरावर शेकणे; इथवर तुमच्या-माझ्या घरची भाकरी झाली. कडक भाकरीचे काम त्यापुढे. फडक्याच्या बोळ्याने ती तव्यावर दाबत राहायची, फुगू द्यायची नाही, ओल सगळी घालवायची, आणि मग चुलीच्या कडेला उभी करून ठेवायची. वाजवली की खापरासारखी वाजली पाहिजे. चटणी उखळातच कुटलेली: भाजून साले काढलेल्या शेंगा, लसूण, जिरे, मीठ, तिखट. यंत्रात घातले तर त्याची भुकटी होते. मुसळाखाली तेल सुटते आणि मुटका वळता येतो. मावशींचा उजवा खांदा गेली दोन वर्षे दुखतो. हे टिपणात कुठेच नव्हते.

मी त्यांना बेत सांगितला. त्या थापता थापता ऐकत होत्या.

"किती माणसं ओ म्याडम?"

"पंचवीस."

"पंचवीस माणसं हितं चुलीम्होरं हुबी राह्यली तर भाकरी कोण थापणार? आणि बघणार काय? माजी चूल?"

त्यांचा मुलगा बाजूला उभा होता. तो म्हणाला, "कुठल्या कंपनीची मंडळी?" मी नाव सांगितले. त्याचा चेहरा उतरला. तो त्याच कारखान्यात कंत्राटदाराकडे पॅकिंगला होता. "मॅडम, नको. साहेब लोक आमच्या घरात नको. उद्या फाटकावर मला बघतील तेव्हा काय बघतील?"

यावर काय बोलणार? साहित्यात दारिद्र्याची वर्णने शिकवताना मी वर्गात पुष्कळ बोलते. पण ज्या खोलीत पत्र्याखाली चार माणसे झोपतात, ती खोली तिकिटात धरावी की नाही, हे ठरवण्याचा हक्क त्या चौघांचाच. मुलाचे म्हणणे मला पटले, आणि थांबा रद्द करते असे मी म्हटलेही. तोच मावशींनी पिठाचे हात झटकले.

"थांबा ओ. ह्याला लाज वाटती, मला न्हाई वाटत. पर माज्या घरात न्हाई. कोपऱ्यावरच्या देवळाच्या ओट्यावर मी शेगडी आणते, रैवारी, दुपारी, काम उरकल्यावर. आठ माणसं. खातील तेवढ्याचे पैसे, आणि थापून दाखवायचे वायले. फोटू भाकरीचा काडा, माजा न्हाई." मग मुलाकडे पाहून त्या म्हणाल्या, "आणि त्या सायबास्नी इचारा, एवढी आवडती तर रोज का न्हाई घेत?"

हा शेवटचा प्रश्न मी जसाच्या तसा विद्यार्थ्याला पोचवला. तो गप्प झाला. कँटीनचे कंत्राट बाहेरच्या माणसाकडे. त्यात भाकरी नाही. भाकरी घालायची तर दर ठरवायचा, परवानगी घ्यायची, स्वच्छतेची तपासणी. मी म्हटले, "गोष्ट लिहायला तुला एक संध्याकाळ लागली होती. याला दोन लागतील."

फेरी भाद्रपदात झाली. आठ माणसे आली. केरळचे गृहस्थ भाकरी थापायला बसले आणि तिचा नकाशा केला. मावशींनी तो नकाशा शेकून त्यांनाच खायला लावला. भुईमुगाची आणि मिरचीची हकीकत सर्वांना मावळ्यांपेक्षा अधिक आवडली, हे मी विद्यार्थ्याच्या तोंडून वदवून घेतले. थापून दाखवण्याचे पैसे मावशींनी मोजून घेतले. मुलगा त्या दिवशी घरी नव्हता.

कँटीनला मात्र दोन संध्याकाळी पुरल्या नाहीत, दीड महिना लागला. आता मंगळवारी आणि शुक्रवारी चिंचोळीला भाकरी जाते. मावशींनी शेजारच्या दोघींना हाताशी घेतले आहे आणि कुटायचे काम त्यांच्यावर सोपवले आहे. दर त्यांनीच ठरवला, मी मध्ये पडले नाही. पहिल्या मंगळवारी पहिल्या पाळीनेच सगळी भाकरी संपवली आणि दुसऱ्या पाळीच्या लोकांनी गलका केला. त्या पाळीत मुलगाही होता. विद्यार्थ्याने फोनवर विचारले, "मॅडम, शुक्रवारी दीडपट मिळेल का, विचाराल?" मी मावशींना विचारले. त्या म्हणाल्या, "मिळंल की. पर ज्वारी म्हाग झालीया, त्यास्नी सांगा."