मैदान त्यांचे, वर्णन कुणाचे?

गावच्या यात्रेत भरलेल्या कुस्ती मैदानाला सातारा-सांगलीकडे जो कधी गेला असेल, त्याच्या स्मरणात दोन आवाज हमखास राहतात. एक हलगीचा आणि दुसरा निवेदकाचा. निवेदक केवळ जोड पुकारत नाही. पैलवान कोणत्या गावचा, त्याचा वस्ताद कोण, त्याच्या आज्याने कोणते मैदान मारले होते, इथपासून ‘आता एकलांगीवर आला, आता घिस्सा ओढला’ इथपर्यंतचा सारा पट तो एका दमात उभा करतो. अलीकडे या आवाजांच्या शेजारी तिपाईवर बसवलेले कॅमेरे आले आहेत. मैदान यूट्यूबवर थेट दिसते, आणि ते दाखवण्याचा हक्क एकाच वाहिनीला द्यावा अशी भाषाही यात्रा समित्यांच्या बैठकांतून आता कानावर येऊ लागली आहे.

या व्यवहारात नभोवाणीचा विचार कुणीच करत नाही, आणि आमची तक्रार नेमकी तीच आहे. खेळ दाखवण्याचा हक्क आणि खेळ सांगण्याचा हक्क हे दोन वेगळे हक्क आहेत. दुसरा हक्क पहिल्याच्या पोटात गुपचूप विकला जाऊ नये. तो स्थानिक केंद्रांसाठी राखून ठेवावा. या मागणीत केवळ करमणुकीचा प्रश्न नाही. आमच्या मते तो मराठी भाषेचा, त्यातही बोलीचा प्रश्न आहे, आणि म्हणून मराठीच्या विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी त्यात लक्ष घालणे अगत्याचे आहे.

हा वाद नवा नाही. गंमत अशी की तो ज्या खेळावरून प्रथम रंगला, तो आपल्याकडे फारसा कुणी खेळत नाही. अमेरिकेत पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने ५ ऑगस्ट १९२१ रोजी बेसबॉलच्या व्यावसायिक सामन्याचे वर्णन प्रथम प्रसारित केले. सामना घरबसल्या फुकट ऐकू आला तर तिकीट काढून मैदानावर येणार कोण, ही क्लबमालकांची भीती. न्यूयॉर्कच्या तिन्ही क्लबांनी तर १९३४ पासून पाच वर्षे नभोवाणीला मैदानाबाहेर ठेवले. १९३९ मध्ये ब्रुकलिनच्या क्लबाने ही बंदी मोडली, आणि पुढे उमगले ते असे की ऐकणारा माणूस मैदानापासून दुरावत नाही, उलट त्याची ओढ वाढते.

याच काळात, १९३८ साली, पिट्सबर्गमध्ये एक मनोरंजक खटला झाला. तेथील क्लबाने आपल्या सामन्यांचे प्रसारणहक्क विकले होते. केक्यूव्ही या दुसऱ्या केंद्राजवळ हक्क नव्हते. त्याने मैदानाच्या भिंतीबाहेर उंचावरची जागा भाड्याने घेतली, तिथे आपली माणसे बसवली आणि त्यांना दिसेल तसे वर्णन श्रोत्यांना ऐकवले. न्यायालयाने निकाल क्लबाच्या बाजूने दिला. सामना क्लबाने उभा केला, मैदान क्लबाचे, तेव्हा त्या सामन्याच्या ताज्या वृत्तावर काही काळ तरी क्लबाचाच अधिकार, असा त्याचा आशय. कायद्याच्या दृष्टीने निकाल समजण्यासारखा आहे. तरीही साहित्याच्या विद्यार्थ्याला एक प्रश्न अस्वस्थ करतो. भिंतीबाहेरून पाहणाऱ्या माणसाने स्वतःच्या शब्दांत जे सांगितले, त्यातले क्लबाचे किती आणि सांगणाऱ्याचे किती?

या प्रश्नाला पुष्टी देणारे एक उदाहरण त्याच दशकातले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन तेव्हा आयोवातील डब्ल्यूएचओ या केंद्रावर निवेदक होते. शिकागोचा सामना शेकडो मैल दूर चाललेला, आणि हे स्टुडिओत बसून तारेने येणाऱ्या त्रोटक मजकुरावरून त्याचे वर्णन रचीत. चेंडू त्यांनी पाहिलेला नसे, श्रोत्यांना मात्र तो दिसे. एक कोरडी नोंद आणि एक जिवंत दृश्य यांच्यामधले अंतर केवळ भाषेने भरून निघत होते. वर्णन ही स्वतंत्र निर्मिती असते याचा याहून सरळ पुरावा शोधावा लागू नये.

अमेरिकी व्यवस्थेतून घेण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. तिथे बेसबॉलचे नभोवाणीहक्क चित्रवाणीहून निराळे राहिले आणि बव्हंशी क्लबांच्या हाती राहिले. प्रत्येक क्लबाचे एक गृहकेंद्र असते, आणि आसपासच्या लहान शहरांतली केंद्रे त्याला जोडलेली असतात. परिणामी त्या भागाचा म्हणून एक निवेदक असतो; पिढ्यान्‌पिढ्या लोक त्याच्याच आवाजात खेळ आठवतात. आपल्याकडे हे घडले नाही. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे माध्यमहक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. त्या बाजारात सांगली किंवा सातारा येथील केंद्राला कुठे उभे राहावे हेही सुचणार नाही.

आपल्याकडचा कायदा मात्र अगदीच निराशाजनक नाही. १९९३ च्या हिरो चषकाच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि सरकार यांच्यात जो वाद झाला, त्यावर सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल दिला. न्या. पी. बी. सावंत हे त्या खंडपीठावर होते. प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यांवर ना सरकारची मक्तेदारी असावी ना खासगी भांडवलाची, हे त्या निकालाचे सार. आपण त्याचा पूर्वार्ध उचलला आणि सरकारी मक्तेदारी मोडली. उत्तरार्धाचे काय झाले, ते वर दिलेल्या आकड्यावरून दिसते.

पुढे २००७ मध्ये क्रीडा प्रसारणाचे संकेत प्रसार भारतीला देणे बंधनकारक करणारा कायदा झाला. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचा थेट संकेत हक्कधारकाने प्रसार भारतीला द्यावा, आणि जाहिरातींच्या उत्पन्नात हक्कधारकाचा वाटा चित्रवाणीसाठी किमान ७५ टक्के व नभोवाणीसाठी किमान ५० टक्के असावा, असे त्यात म्हटले आहे. नभोवाणीचा विचार निराळा केला गेला, ही त्यातली जमेची बाजू. पण ‘राष्ट्रीय महत्त्व’ ठरवणार कोण? ते दिल्लीत अधिसूचनेने ठरते, आणि तिथल्या यादीत महाराष्ट्र केसरी नाही. खाशाबा जाधवांचे गोळेश्वर कराडच्या शेजारी. १९५२ साली हेलसिंकीला स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक त्यांनी जिंकले. १९६४ चे हिंदकेसरी मारुती माने सांगलीजवळच्या कवठे पिरानचे. ज्या मातीतून ही माणसे आली, तिथली मैदाने मात्र राष्ट्रीय महत्त्वाच्या व्याख्येत बसत नाहीत.

इथेच एक फट आहे, आणि ती आपल्या उपयोगाची आहे. खासगी एफएम केंद्रांसाठी २०११ साली जाहीर झालेल्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणात खेळांच्या थेट वर्णनाला मनाई असली, तरी स्थानिक स्वरूपाच्या क्रीडास्पर्धांचे थेट समालोचन करण्यास मुभा ठेवलेली आहे. सांगलीची स्मृती मानधना ज्या विश्वविजेत्या संघात होती, त्या संघाचा २ नोव्हेंबर २०२५ चा नवी मुंबईतला अंतिम सामना सांगलीतल्या खासगी केंद्राला या नियमाने सांगता येणार नव्हता. आपल्याच गावची मुलगी, पण सामना स्थानिक नव्हे. परंतु आसपासच्या गावांतली कुस्ती मैदाने, कबड्डी आणि खो-खोचे सामने हे सारे त्या सवलतीत बसते. मार्च २०२३ मध्ये महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीतच झाली, आणि प्रतीक्षा बागडी या सांगलीच्याच मुलीने गदा जिंकली. एप्रिल २०२२ मधली पुरुषांची स्पर्धा साताऱ्यात झाली होती. असे प्रसंग राष्ट्रीय बाजाराला किरकोळ वाटतील. स्थानिक केंद्राने मात्र जगावे ते त्यांच्यासाठीच.

आणि केंद्रे नाहीत असेही नाही. सांगलीचे आकाशवाणी केंद्र १९६३ पासूनचे. साताऱ्यालाही आकाशवाणी आहे. माण तालुक्यात म्हसवड येथे २००८ साली ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हे सामुदायिक केंद्र सुरू झाले, तर जत तालुक्यात जालिहाळला ‘येरळवाणी’ उभी राहिली. दोन्ही दुष्काळी मुलूख, दोन्हीकडे कुस्तीची आवड हाडीमाशी खिळलेली.

आता भाषेकडे वळू. क्रिकेटचे मराठी समालोचन घरोघरी पोचवण्यात बाळ ज. पंडितांचा मोठा वाटा आहे. षटक, यष्टिरक्षक, पायचीत, त्रिफळाचीत हे शब्द आज कुणाला परके वाटत नाहीत, ते कोशामुळे नव्हे, नभोवाणीमुळे. चालू खेळाच्या वेगात जो शब्द टिकतो तोच लोक उचलतात. इतकी कठोर परीक्षा कोणतीही परिभाषा समिती घेऊ शकत नाही. कुस्तीची गोष्ट याहून वेगळी. तिला शब्द घडवावे लागले नाहीत. ढाक, कलाजंग, मोळी, लपेट, घुटना, खडाखडी हे सारे तालमीतच जन्मले. पण ही संपदा बोलीत राहिली, प्रमाण मराठीच्या प्रसारणात ती पुरेशी आली नाही. उद्या एखाद्या मोठ्या वाहिनीने कुस्तीचे हक्क घेतले तर ती मराठीतून बोलेलही. मात्र ती मराठी साऱ्या राज्याला एकसारखी कळावी म्हणून चाळून घेतलेली असेल. ‘पट काढला’ याच्या जागी कुठलासा अनुवादित शब्द येईल आणि दहा वर्षांत तोच खरा वाटू लागेल.

यावर दोन आक्षेप अपेक्षित आहेत. पहिला असा, की यूट्यूबवर सारे दिसत असताना नभोवाणी ऐकणार कोण? शेतात पाणी पाजणारा, ट्रक हाकणारा, गुऱ्हाळावर राबणारा, ज्याचे दोन्ही हात आणि डोळे कामात गुंतले आहेत तो. आणि ज्याला दृष्टीच नाही तो. शिवाय चित्रासोबतचा निवेदक दिसणाऱ्या माणसाशी बोलतो. ‘बघा, बघा’ म्हटले की त्याचे काम भागते. नभोवाणीवर ही सोय नाही. तिथे पकड कुठे बसली, पाठ मातीपासून किती वर आहे, पंच कुठे वाकला, हे सारे शब्दांत मांडावे लागते. मैदानावरच्या भोंग्यासमोरच्या उत्तम निवेदकालाही हे नव्याने शिकावे लागेल, हे आम्ही मान्य करतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. यात्रा समितीला पैसा लागतो. इनामाच्या रकमा वाढल्या, मोठ्या जोडीचा खर्च वर्गणीतून भागत नाही. हक्क विकून चार पैसे येत असतील तर ते कुणी नाकारावे? नाकारू नयेतच. आमचे म्हणणे इतकेच, की विक्री चित्राची असावी. करारात एक ओळ घालावी, की श्राव्य वर्णनाचा हक्क समितीकडे राहील आणि जिल्ह्यातील नभोवाणी केंद्रांना तो विनामूल्य मिळेल. यूट्यूब वाहिनीचे याने काही बिघडत नाही. धावसंख्येसारखी माहिती एकदा प्रसारित झाली की तिच्यावर कुणाची मालकी उरत नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१३ साली क्रिकेटच्या संदर्भात मानले. पण निकाल कळवणे वेगळे आणि खेळ सांगणे वेगळे. दुसऱ्यासाठी मैदानात प्रवेश लागतो, आखाड्याशेजारी जागा लागते, आणि ती देणे समितीच्याच हाती असते. आज ही ओळ लिहायला काहीही खर्च नाही. उद्या मोठा गिऱ्हाईक आला की तिचीच किंमत मागितली जाईल.

राहता राहिलो आपण. पदवीच्या वर्गात आपण ‘प्रसारमाध्यमांसाठी लेखन’ शिकवतो. त्यात नभोवाणीवरील भाषण असते, श्रुतिका असते, जाहिरातही असते; धावते वर्णन क्वचितच. मौखिक परंपरा म्हणून आपण ओव्या, पोवाडे, कीर्तने जमवतो, आणि त्याच गावात दरवर्षी तासन्‌तास चालणारे कुस्तीचे निवेदन हवेत विरून जाऊ देतो. कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तिन्ही जिल्ह्यांतला हा ठेवा शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातलाच आहे. एखाद्या मराठी विभागाने एका मोसमातील पाच मैदानांची निवेदने ध्वनिमुद्रित करून त्यांची संहिता केली, तरी बोलीच्या अभ्यासकाला ती कित्येक वर्षे पुरेल. दोन विद्यार्थ्यांना जवळच्या केंद्राच्या माइकसमोर उभे केले तर त्याहून बरे.

पिट्सबर्गच्या त्या केंद्राला भिंतीबाहेर जागा भाड्याने घ्यावी लागली होती, कारण आतले सारे आधीच विकले गेले होते. आपल्या मैदानांना अजून तरी तशी भिंत नाही. ती उभी राहण्याआधी नभोवाणीला आखाड्याच्या कडेला बसवून घ्यावे, एवढेच सांगायचे आहे.