नव्या शिक्षकाला गाव कोण दाखविणार?

महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासात अहिल्यानगरचे, म्हणजे जुन्या अहमदनगरचे, स्थान मोठे आहे. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार यांची येथील मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले आणि १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. त्या शाळेत शिकविणाऱ्या सावित्रीबाई तेव्हा अवघ्या सतरा वर्षांच्या होत्या. त्यांच्या अध्यापनाच्या प्रशिक्षणातही फरारबाईंच्या संस्थेचा वाटा होता. पुढे १८८२ मध्ये हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी प्राथमिक शिक्षकाचा प्रश्न नेमका मांडला. खेड्यातील शिक्षक शेतकऱ्यांत मोकळेपणाने मिसळणारा व त्यांच्या गरजा जाणणारा हवा, शिक्षणक्रमात शेतीच्या प्राथमिक ज्ञानाला जागा हवी आणि शिक्षकाला बरे वेतन मिळायला हवे, हे त्यांचे म्हणणे होते. शंभराहून अधिक वर्षे लोटली. मागणी मात्र जुनी झालेली नाही.

आज जिल्हा परिषदेच्या शाळेत नव्याने रुजू होणाऱ्या तरुणाची स्थिती काय आहे? निवड राज्यभराच्या परीक्षेतून होते. ती पद्धत न्याय्य आहे, तिने वशिल्याला आळा घातला, हे मान्यच केले पाहिजे. परंतु त्याच पद्धतीने विदर्भातील वा मराठवाड्यातील उमेदवार एके दिवशी अकोले तालुक्यातील एखाद्या वाडीत जाऊन पोहोचतो. पहिली तीन वर्षे तो शिक्षणसेवक असतो. प्राथमिक शाळेत त्याचे मानधन २०२३ पासून दरमहा सोळा हजार रुपये आहे. खोलीभाडे, गाडीखर्च आणि घरी पाठवायचे पैसे भागविताना त्याची ओढाताण होते. शाळा दोन शिक्षकी असेल आणि जोडीदार रजेवर असेल, तर चार इयत्ता एकट्याने सांभाळाव्या लागतात. वर माहितीचे तक्ते आणि मोबाइलवर भरायची आकडेवारी यांचा तगादा चालूच राहतो. अशा माणसाला ‘परिसराशी जोडून शिकवा’ असे परिपत्रकातून सांगणे सोपे आहे. तो परिसर त्याला दाखवायचा कोणी, याचे उत्तर परिपत्रकात नसते.

अकोल्याच्या पश्चिम भागात महादेव कोळी आणि ठाकर समाजांची वस्ती आहे. तेथील मूल घरी जी बोली बोलते ती पुस्तकातील मराठी नव्हे. पहिलीतले मूल गप्प बसले की नवखा शिक्षक त्याला मंद समजतो. वास्तविक शिक्षकाचीच भाषा त्याला परकी वाटत असते. याच तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेची पायरी न चढताही देशी वाणांचे बियाणे जतन करीत राहिल्या आणि २०२० च्या पद्मश्रीच्या मानकरी ठरल्या. ज्या आजीच्या घरात वालाचे आणि भाताचे वाण ओळखण्याची विद्या आहे, तिच्या नातवाला वर्गात ‘अडाणी घरचा’ म्हटले जावे, यात अज्ञान कोणाचे?

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, पाथर्डीच्या कोरडवाहू भागात, प्रश्नाचे रूप पालटते. दिवाळीच्या सुमारास आईबाप ऊसतोडीला निघतात आणि अनेक मुले त्यांच्याबरोबर कारखान्याच्या तळावर जातात. मागे राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. परंतु कोणाच्या घरी आजीआजोबा आहेत, कोणत्या मुलीवर धाकट्या भावंडाला सांभाळण्याचा भार आहे, हे घरोघर गेल्याखेरीज कळत नाही. त्या मुलांना उचल, कोयता, मोळी, टन हे शब्द पाठ असतात. मुकादमाकडून घेतलेली उचल किती टन ऊस तोडल्यावर फिटेल, हा हिशेब वर्गात मांडला तर गणित त्यांना आपले वाटेल. कदाचित आईबापांनाही तो हिशेब उपयोगी पडेल.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीर आहे. आदिवासी मुलाला बोलीत आणि बियाण्यांत गुंतविणे म्हणजे त्याला मागे ठेवणे नव्हे काय? स्थानिकतेवरच थांबणारे शिक्षण तसे करीलही. परंतु घरची भाषा ही आत येण्याचे दार असते. दारातून आत आलेले मूलच पुढे प्रमाण मराठी आणि इंग्रजी आत्मसात करते. दुसरी गोष्ट अशी की, समाजाशी जोडून घेणे म्हणजे समाजाच्या प्रत्येक रूढीपुढे मान तुकविणे नव्हे. शाळेत जाताना शेणाचे गोळे आणि दगड झेलणाऱ्या सावित्रीबाईंनी लोकांशी नाते तोडले नाही आणि लोकांना घाबरून शाळाही बंद केली नाही. आठवीतल्या मुलीचे लग्न ठरत असेल तर शिक्षकाने गावाच्या विरोधात उभे राहिले पाहिजे. मात्र ज्याने गावाशी आधी जिव्हाळा जोडलेला असतो त्याचाच विरोध गाव ऐकून घेते.

यासाठी फार मोठ्या योजनेची गरज नाही. प्रत्येक नव्या शिक्षकाला त्याच केंद्रातील एका अनुभवी शिक्षकाशी पहिली दोन वर्षे जोडून द्यावे आणि त्या ज्येष्ठाच्या कामाची अधिकृत नोंद व्हावी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकांसाठी वर्षाला पन्नास तासांचे प्रशिक्षण सुचविले आहे. त्यातले निदान निम्मे तास सभागृहाऐवजी गावात, पालकांच्या अंगणात जावेत. संगमनेरच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने तालुक्यातालुक्यांतील बोलींचे शब्दसंग्रह आणि स्थानिक उदाहरणांच्या पुस्तिका अनुभवी शिक्षकांकडूनच तयार करून घ्याव्यात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत; ती समिती सह्यांपुरती न उरता नव्या शिक्षकाची गावाशी ओळख करून देणारी व्हावी. त्याच कायद्याने जनगणना, निवडणूक आणि आपत्ती वगळता इतर अशैक्षणिक कामांना मनाई केली आहे. तिचे पालन झाले तरी घरोघर जायला वेळ सापडेल.

मानधनात काही हजारांची भर घालणे आवश्यकच आहे. परंतु केवळ पैशाने शिक्षकाचे एकटेपण जाणार नाही. पहिल्या दोनतीन वर्षांत जो एकटा पडतो तो पुढची वर्षे बदलीची वाट पाहण्यात काढतो आणि त्याची किंमत वाडीवरची मुले देतात. नव्या शिक्षकाच्या हाती नेमणुकीचा आदेश देणारे शासन त्याचा हात गावाच्या हातात देण्याचे काम कधी करणार?